सिकलसेलच्या घरात नॉनकोडिंग बदल कसा शोधायचा: गावातल्या नळीपासून जेलवरच्या पट्टीपर्यंत

सिकलसेलचा मूळ बदल एका अक्षराचा आहे. ११व्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिन जनुकात सहाव्या कोडॉनवर, म्हणजे तीन अक्षरांच्या गटावर, जीएजीचे जीटीजी होते आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांबद्दल लिहिले, तेव्हापासून विदर्भात या आजाराचा माग काढणे चालू आहे. पण त्या एका अक्षरावर दोन गोष्टींचा उलगडा होत नाही. एकाच आईबापाची दोन एसएस मुले, म्हणजे दोन्ही बाजूंनी सिकलचे जनुक आलेली. एक वर्षातून चारदा ग्रामीण रुग्णालयात भरती होते आणि दुसरे धानाच्या रोवणीला जाते, ते का? आणि काही मुलांना त्रास एसएससारखा असतो, पण सिकलचे जनुक आईकडून तरी किंवा बापाकडून तरी, एकाच बाजूने आलेले असते, ते कसे?

दोन्हींची उत्तरे बऱ्याचदा नॉनकोडिंग डीएनएत, म्हणजे प्रथिनांची कृती न लिहिलेल्या भागात, असतात. माणसाच्या सुमारे ३१० कोटी अक्षरांपैकी प्रथिनांची कृती लिहिलेला भाग जेमतेम एक-दीड टक्का आहे. उरलेल्यात इंट्रॉन आहेत (जनुकातले मधले भाग, जे आरएनएतून कापून टाकले जातात), जनुक सुरू करणारे प्रमोटर आहेत, जनुक कुठे आणि किती चालवायचे हे ठरवणारे एन्हान्सर आहेत, आणि काम न सापडलेला मोठा भागही आहे. नव्या संशोधकाला थेट पूर्ण जीनोम वाचून काढायचा मोह होतो. तो आवरा. आधी माहितीतल्या जागा तपासा. विदर्भातल्या कुटुंबांत त्यातच पुष्कळ हाती लागते.

कोणत्या जागा, कोणत्या प्रश्नासाठी

पहिली जागा बीटा ग्लोबिनच्या पहिल्या इंट्रॉनमधले पाचवे अक्षर. तिथे जीचे सी झाले की त्याला आयव्हीएस १-५ म्हणतात. भारतात बीटा थॅलेसेमियाचा सर्वांत जास्त सापडणारा बदल हाच. प्रथिनाचे एकही अक्षर बदलत नाही, पण आरएनए कापून जोडायची खूण बिघडते आणि बीटा साखळी फार कमी तयार होते. एका बाजूने सिकल आणि दुसऱ्या बाजूने हा बदल आला की मूल एस-बीटा थॅलेसेमियाचे होते. वरच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा इथेच मिळते.

दुसरी जागा जी-गॅमा ग्लोबिन जनुकाच्या आधी १५८ अक्षरांवरची, तिथे कापणाऱ्या एन्झाइमवरून एक्सएमएन-वन नावाने ओळखली जाणारी. सीचे टी झाले की गर्भातले हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, मोठेपणीही जास्त राहते. भारतात सिकलचे जनुक ज्या अरब-भारतीय हॅप्लोटाइपवर, म्हणजे एकत्र वारशाने येणाऱ्या बदलांच्या संचावर, बसले आहे, त्यावर हा टी असतोच. इथेच पुष्कळ प्रबंध अडकतात. विदर्भातले एसएस रुग्ण गोळा करून सगळ्यांची एक्सएमएन-वन तपासली तर जवळपास सगळे प्लस-प्लस निघतात, म्हणजे दोन्ही प्रतींवर टी. जिथे फरकच नाही तिथे तुलना कशाची करणार? आपल्याकडच्या रुग्णांत एचबीएफ एकूणच जास्त का, हे या जागेवरून कळते. दोन भावांमधला फरक कळत नाही.

त्या फरकासाठी तिसरी आणि चौथी जागा पाहायची: दुसऱ्या गुणसूत्रावर बीसीएल११ए जनुकाच्या दुसऱ्या इंट्रॉनमधला एन्हान्सर, आणि सहाव्या गुणसूत्रावर एचबीएस१एल आणि एमवायबी या जनुकांमधली मोकळी जागा. बीसीएल११ए हे प्रथिन गॅमा ग्लोबिन दाबून ठेवते. त्याचा एन्हान्सर फक्त लाल पेशींच्या वंशात चालतो; तो अशक्त असेल तर दाब सैल पडतो आणि एचबीएफ टिकते. हा एन्हान्सर २०१३ मध्ये नीट उलगडला. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मंजूर केलेली कॅसजेव्ही ही उपचारपद्धती नेमकी त्याच एन्हान्सरवर कात्री चालवते. सोबत अल्फा थॅलेसेमियाचे ३.७ किलोबेसचे डिलीशन, म्हणजे गळालेला तुकडा, गॅप-पीसीआरने तपासून घ्या (पीसीआर म्हणजे डीएनएचा हवा तो भाग नळीत वाढवून घेणे). ते नॉनकोडिंग नाही, पण त्याच्याविना पुढचा सगळा हिशोब चुकतो.

गावात जाण्याआधी

दिवस निवडताना पंचांगापेक्षा जंगल पाहा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता, जुलैत रोवणी. या दिवसांत सकाळी टोल्यावर म्हातारी माणसे आणि लेकरेच भेटतात. आठवडी बाजाराचा दिवसही टाळा. आशाताईंना आठवडाभर आधी सांगा आणि आई, वडील, सगळी भावंडे एकत्र मिळतील अशी वेळ त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. नॉनकोडिंग बदलाच्या कामात सुटे पन्नास रुग्ण मिळण्यापेक्षा आईवडिलांसह पंधरा कुटुंबे मिळालेली बरी.

‘रक्त तपासणी’ म्हटले की लोकांना लोहाच्या गोळ्या मिळतील असे वाटते. म्हणून तपासणी वेगळी आणि संशोधन वेगळे, हे दोनदा सांगा; गोंडी, माडिया किंवा कोरकू बोलणारा गावातलाच माणूस सोबत असू द्या. अंगठा घेतला तर कामाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे १२ ते १८ वर्षांच्या मुलाची लेखी आणि ७ ते ११ वर्षांच्या मुलाची तोंडी संमती पालकांची संमती घेऊनही वेगळी घ्यायची असते.

नळीवर नाव नको, जात तर मुळीच नको. एका टोल्यावर मडावी, आत्राम, उईके आडनावाची अर्धी वस्ती असते आणि पहिली नावेही तीच ती. कुटुंबाचा एक आकडा आणि माणसाचा दुसरा, एवढेच लिहा. साध्या स्केचपेनची शाई स्पिरिटच्या बोळ्याने पुसते. चिकटपट्टीवर पक्क्या मार्करने लिहा, फिल्टर पेपरच्या कार्डावर पेन्सिलने.

नळी, बर्फ आणि ऊन

जांभळ्या बुचाची ईडीटीए नळी वापरा आणि ३ मिलि रक्त घ्या. हिरव्या बुचाची हेपरिन नळी नको. हेपरिन पीसीआर अडवते. नळी लगेच आठ-दहा वेळा हलकेच उलटी-सुलटी करा. जोरात हलवली तर पेशी फुटतात, न हलवता ठेवली तर बारीक गुठळी होते आणि मशीनची सुई तुंबते.

चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. गाडीच्या डिकीत ठेवलेल्या नळीतले रक्त तासाभरात काळपट दिसू लागते. लसीच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या ठेवा, पण नळी थेट बर्फाला टेकवू नका. टेकलेल्या बाजूचे रक्त गोठते आणि वितळताना पेशी फुटतात. मध्ये वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या किंवा थर्माकोलचा स्टँड पुरतो. आतले तापमान २ ते ८ अंश राहिले तर एचपीएलसीसाठी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजण्यासाठी, साधारण आठवडाभर वेळ मिळतो. डीएनए त्याहून चिवट असतो.

दूरच्या पाड्यावरून दोन दिवस परतणे नसेल तर फिल्टर पेपरवर थेंब घ्या. वर्तुळ एकाच थेंबाने भरले पाहिजे, थेंबावर थेंब नको. कार्ड आडवे, सावलीत, तीन-चार तास वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ नको. पावसाळ्यात ते वरून कोरडे दिसते आणि आत ओल राहते, मग पाकिटात बुरशी धरते. रात्रभर वाळवून सिलिका जेलच्या पुडीसकट झिप पाकिटात टाका. पुडीचा रंग बदलला की पुडी बदला.

आरएनए हवा असेल तर गणित वेगळे. त्यासाठी पॅक्सजीनसारखी वेगळी नळी लागते, २.५ मिलि रक्त लागते, आणि ती नळी १८ ते २५ अंशांत तीनच दिवस टिकते. विदर्भाच्या उन्हाळ्यात ‘रूम टेंपरेचर’ हा शब्द विसरा आणि नळी थंड डब्यातच आणा. आरएनएचे काम हिवाळ्यात ठेवणे सर्वांत शहाणपणाचे.

नळीसोबत चार गोष्टी कागदावर हव्यातच: वय, शेवटचे रक्त कधी चढवले, सिकलसेलचे औषध हायड्रॉक्सियुरिया चालू आहे का आणि कधीपासून, आणि लोहाच्या गोळ्या. गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवले असेल तर एचपीएलसी दात्याचे हिमोग्लोबिन दाखवते. हायड्रॉक्सियुरियाने एचबीएफ वाढते. ते आकडे बीसीएल११एच्या नावावर टाकाल तर सगळा अभ्यास वाया. पाच वर्षांखालच्या मुलाचे एचबीएफ अजून उतरत असते, त्याला तुलनेत धरू नका.

एचपीएलसीचा कागद नीट वाचा

डीएनएकडे वळण्याआधी या कागदापाशी थांबा. समजा सात वर्षांचा मुलगा आहे, रक्त कधी चढवलेले नाही. सिकलचे हिमोग्लोबिन एस ६२ टक्के, एफ (एचबीएफ) २० टक्के, नेहमी थोडेच असणारे ए-टू ५.५ टक्के आणि नेहमीचे ए ८ टक्के. सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह. वडिलांचे ए ५८, एस ३६. आईची सोल्युबिलिटी निगेटिव्ह, ए-टू ५.२, एमसीव्ही (लाल पेशीचा आकार) ६६.

सोल्युबिलिटी चाचणी एएस, म्हणजे एकाच बाजूने सिकल आलेला वाहक, आणि एसएस वेगळे करत नाही; एस आहे की नाही एवढेच सांगते. मुलाच्या कागदावर ए आणि एस दोन्ही दिसतात म्हणून घाईत ‘एएस’ लिहिले जाते. पण वाहकात ए नेहमी एसपेक्षा जास्त असते, वडिलांच्या कागदावर आहे तसे. इथे एस जास्त आणि ए नुसते ८. म्हणजे दुसरे बीटा जनुक आहे, पण रडतखडत चालते आहे. आईचा ए-टू ३.५ च्या बराच वर आणि पेशी लहान, म्हणजे ती थॅलेसेमियाची वाहक. आयव्हीएस १-५ चा संशय इथे पक्का होतो.

‘आईला सिकल नाही तर मुलाला कसे’ असा प्रश्न अशा घरात येतो आणि तो आईवरच उलटतो. पूर्ण कागद समोर नसताना कुणी काही बोललेले निस्तरायला वर्षे जातात. निष्कर्ष लागेपर्यंत गप्प राहा.

तीन ठिकाणी हा कागद फसवतो. आईच्या अंगात लोह फार कमी असेल तर ए-टू ३.५ च्या खाली उतरू शकते आणि वाहक नॉर्मल दिसते. अंगातल्या लोहाच्या साठ्याची फेरिटिन चाचणी करून, लोह भरून काढून पुन्हा तपासा. सिकल वाहकात ए-टू थोडे जास्त दिसते, कारण एसचा एक बदललेला अंश त्याच खिडकीत उतरतो. त्यावरून थॅलेसेमिया ठरवू नका. अल्फा डिलीशन सोबत असेल तर वाहकाचे एस ३० च्याही खाली जाऊ शकते.

डीएनए काढणे

महागडी किट नसली तरी मिठाची जुनी पद्धत उत्तम चालते. ३ मिलि रक्तात ९ मिलि लाल पेशी फोडणारे द्रावण घाला. त्यात अमोनियम क्लोराइड १५५ मिलिमोलर, पोटॅशियम बायकार्बोनेट १० मिलिमोलर आणि ईडीटीए ०.१ मिलिमोलर असते. दहा मिनिटांनी फिरवा, वरचे लाल पाणी टाका. तळाची गोळी पांढरी होईपर्यंत हेच दोन-तीनदा करा. इथे आळस केला, गोळी गुलाबी राहिली, तर हीम डीएनएसोबत येते आणि पुढे पीसीआर मुकाट्याने फेल जाते.

गोळी ३ मिलि न्यूक्लियर लायसिस बफरमध्ये मोकळी करा, १० टक्के एसडीएस ०.२ मिलि आणि प्रोटिनेज-के घालून ३७ अंशांवर रात्रभर ठेवा. सकाळी १ मिलि संपृक्त मीठ, म्हणजे सुमारे ६ मोलर सोडियम क्लोराइड, घालून पंधरा सेकंद जोरात हलवा आणि २५०० आरपीएमवर पंधरा मिनिटे फिरवा. वरचा निवळ भाग दुसऱ्या नळीत घेऊन दुप्पट अल्कोहोल घाला आणि नळी हळूहळू उलटी करा. पांढरा धागा गुंडाळत येतो, साबुदाण्याच्या खिरीतल्या तारेसारखा. तो उचलून ७० टक्के अल्कोहोलमध्ये धुवा, वाळवा, २०० मायक्रोलिटर टीई बफरमध्ये विरघळवा. पूर्ण कोरडा ठाक केला तर विरघळायला दोन दिवस घेतो.

२६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचे गुणोत्तर १.८ च्या आसपास हवे, १.६ म्हणजे प्रथिन राहिले. कामाचा डीएनए पाण्यात ५० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर करून वेगळा ठेवा. टीईमधले ईडीटीए मॅग्नेशियम धरून ठेवते, ते पीसीआरमध्ये जास्त जाऊ देऊ नका.

आयव्हीएस १-५: दोन नळ्यांची परीक्षा

आर्म्स-पीसीआरमध्ये प्रत्येक माणसाच्या दोन नळ्या असतात. एकीतला प्राइमर (पीसीआरची सुरुवात करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) नॉर्मल अक्षरावर संपतो, दुसरीतला बदललेल्या अक्षरावर. शेवटचे अक्षर जुळले तरच पट्टी येते. दोन्हींत आतली कंट्रोल जोडी असते, तिची पट्टी ८६१ बेसची, म्हणजे अक्षरांची. नेहमीच्या प्राइमरांनी आयव्हीएस १-५ ची पट्टी २८५ वर येते. कंट्रोल जोडी ६१९ बेसच्या डिलीशनभोवती बसवलेली असल्याने ते डिलीशन असेल तर २४२ वर वेगळी पट्टी दिसते. फुकटात दुसरी तपासणी होते.

जेल पाहताना आधी ८६१ शोधा. ती नाही तर नळी फेल, २८५ आहे की नाही याला अर्थ नाही. वरच्या उदाहरणातल्या मुलाच्या दोन्ही नळ्यांत २८५ येईल, आईच्याही. म्हणून मुलगा नुसता वाहक, असे लिहू नका. त्याचे सिकलचे गुणसूत्र या पाचव्या अक्षरावर नॉर्मल असते, नॉर्मल नळीतली पट्टी तिथून येते. सिकलचा निकाल आणि हा निकाल शेजारी ठेवूनच वाचायचे.

सगळ्यांच्याच बदलाच्या नळीत फिकी पट्टी आली तर अॅनिलिंगचे, म्हणजे प्राइमर चिकटण्याचे, तापमान कमी पडते आहे किंवा डीएनए जास्त झाला आहे. तापमान एक-एक अंशाने वाढवा. मध्येच वीज गेली आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू झाले, तर ती प्लेट फेकून द्या. थंडावलेल्या नळीत प्राइमर कुठेही चिकटतो. प्रत्येक फेरीत माहितीतला बदलवाला, माहितीतला नॉर्मल आणि नुसते पाणी अशा तीन नळ्या हव्यातच.

एक्सएमएन-वन

प्राइमर जी-गॅमाचाच आहे ना, हे आधी पाहा. ए-गॅमा शेजारीच आहे आणि जवळजवळ जुळा आहे. १० मायक्रोलिटर पीसीआर मालात ५ ते १० युनिट एक्सएमएन-वन एन्झाइम, ३७ अंशांवर किमान चार तास. टी असेल तर तुकडा कापला जातो. साधारण ६५० चा तुकडा घेतला तर ४५० आणि २०० च्या आसपास. एन्झाइम अर्धवट चालले तर प्लस-प्लस माणूस प्लस-मायनस दिसतो. प्रत्येक वेळी माहितीतला प्लस-प्लस नमुना सोबत कापा. त्यात वरची पट्टी उरली तर सगळी फेरी रद्द.

बीसीएल११एसाठी आरएस१४२७४०७ ही जागा टॅकमॅनने (चमकणाऱ्या खुणेच्या पीसीआरने) किंवा सँगरने (अक्षरे ओळीने वाचून) वाचता येते. तिथला टी एचबीएफ वाढवणारा.

इथे काही सापडले नाही तर

मग पूर्ण जीनोम. एक्झोम पुरत नाही: तो एक्झॉन, म्हणजे आरएनएत टिकणारे जनुकाचे भाग, आणि त्यांच्या कडेची थोडीच अक्षरे वाचतो. आयव्हीएस १-५ त्यात येऊ शकते, दूरचा एन्हान्सर नाही. एका माणसात ४० ते ५० लाख बदल निघतात, त्यामुळे चाळणी आधी ठरवा. जगभरातल्या बदलांच्या नोमॅड साठ्यासोबत १,०२९ भारतीय जीनोमांचा इंडिजीनोम्स साठा वापरा. परदेशात दुर्मिळ असलेला बदल आपल्याकडे गावोगावी असू शकतो.

बीटा ग्लोबिन जनुक उलट्या धाग्यावर आहे, त्यामुळे कागदावरचे जी>सी संगणकात सी>जी दिसते. आयव्हीएस १-५ जुन्या एचजी१९ नकाशावर ५२,४८,१५५ वर आहे आणि एचजी३८ वर ५२,२६,९२५ वर. दोन नकाशे मिसळले की ‘सापडलेच नाही’ असा निकाल येतो. दोन गॅमा जनुके जुळी असल्याने छोट्या तुकड्यांचे वाचन कुठले ते सॉफ्टवेअरला ठरवता येत नाही. मॅपिंगचा दर्जा शून्य असलेले वाचन गाळले जाते आणि एक्सएमएन-वनचा बदल त्यासोबत जातो. ती जागा जेलवरच तपासा.

बदलाने आरएनए कापणे बिघडेल का याचा अंदाज देणाऱ्या स्प्लाइसएआय या सॉफ्टवेअरचा आकडा ०.२ च्या वर असेल तर बदल पुढे घ्या, ०.८ च्या वर असेल तर आधी घ्या. पण आकडा म्हणजे संशय. पुरावा मिनिजीनचा: पहिला एक्झॉन, इंट्रॉन आणि दुसरा एक्झॉन प्लाझ्मिड नावाच्या छोट्या गोल डीएनएत बसवा, पेशींत घाला, ४८ तासांनी आरएनए काढा. आयव्हीएस १-५ मध्ये आरएनए तीन चुकीच्या जागी कापला जातो: दोन पहिल्या एक्झॉनमध्ये, ३८ आणि १६ अक्षरे आधी, आणि एक इंट्रॉनमध्ये १३ अक्षरे पुढे. २ टक्के अॅगरोजवर १३-१६ अक्षरांचा फरक दिसत नाही, एकच जाड पट्टी दिसते आणि ‘परिणाम नाही’ असे लिहून मोकळे होणारे असतात. ३ टक्क्यांच्या वर जा किंवा पॉलीअॅक्रिलामाइड वापरा, आणि पट्टी कापून सँगरने वाचा. नव्या बदलासोबत आयव्हीएस १-५ चे मिनिजीन कंट्रोल म्हणून चालवा.

निकाल घरी नेताना

संशोधनाचा निकाल तसाच हातात देऊ नका. नवीन नमुना घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून पक्का करा. आईला आधी एकटीला सांगा: तुमच्यात सिकल नाही, थॅलेसेमियाचा एक बदल आहे, तो तुम्हाला आजारी करत नाही, आणि मुलाचा आजार दोघांकडून अर्धा-अर्धा आला आहे. मग दोघांना एकत्र बसवून तेच. एएस आणि एसएस पॅटर्न गावात सगळ्यांना ठाऊक आहे, थॅलेसेमिया नाही. म्हणून आईच्या कार्डावर ‘सिकल निगेटिव्ह’ एवढेच असेल तर शेजारी ‘बीटा थॅलेसेमिया वाहक’ लिहून घ्या. नाहीतर तिच्या बहिणींची तपासणी सोल्युबिलिटीपाशीच थांबते. पुढच्या गरोदरपणात तपासणी हवी असेल तर वारेचा नमुना १० ते १२ आठवड्यांत घ्यावा लागतो, आणि त्याआधी आईवडील दोघांचे बदल नावानिशी माहीत असावे लागतात. दिवस गेल्यावर आर्म्स सुरू केले तर ती मुदत हातची जाते. ज्या जोडप्याला अजून मूल हवे आहे त्यांच्या नळ्या रांगेत सर्वांत पुढे लावा.